शिरूर, दौंड आणि देवयानी

पुणे जिल्ह्याचा नकाशा उघडा आणि पूर्वेकडची दोन गावे शोधा. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर, घोडनदीच्या काठी शिरूर आहे. त्याच्या आग्नेयेला, भीमेच्या काठी, सोलापूरकडे आणि मनमाडकडे जाणारे लोहमार्ग जेथे फुटतात ते दौंड. नकाशावर पट्टी ठेवून मोजलेत तर दोन्ही गावांमधले सरळ अंतर सुमारे ४५ किलोमीटर भरेल. गाडीने गेलात तर रस्त्याच्या वळणांमुळे ते जास्त होईल, पण आपल्याला आज गाडीने जायचे नाही. आपल्याला या ४५ किलोमीटरांच्या पट्टीने आकाश मोजता येते का, ते पाहायचे आहे.

समजा, शिरूरच्या शाळेतील एक विद्यार्थी आणि दौंडच्या शाळेतील एक विद्यार्थी यांनी ठरवून एकाच क्षणी चंद्राकडे पाहिले. चंद्र उंच डोक्यावर आला आहे. दोघांनीही चंद्राच्या मागचे तारे टिपून ठेवले. दोघांच्या चित्रांत चंद्राची जागा अगदी एकच असेल का? नाही. डोळ्यांसमोर बोट धरून आधी डावा आणि मग उजवा डोळा मिटला, तर बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखे दिसते. तसाच चंद्रही ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकलेला दिसेल. या सरकण्याला पराशय म्हणतात. किती सरकेल? सुमारे २४ विकला. एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला, हे तुम्हांला माहीत आहेच. म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीचा जेमतेम पंच्याहत्तरावा भाग. साध्या डोळ्यांना हे कळणार नाही, पण चांगली दुर्बीण व कॅमेरा असेल तर मोजता येईल. त्यावरून चंद्र पावणेचार लाख किलोमीटरांहून अधिक दूर आहे हे गणित वहीत मांडता येईल.

आता चंद्र सोडा आणि एखादा तारा घ्या. शिरूर-दौंडची पट्टी येथे पार कोलमडते. तारे इतके दूर आहेत की ४५ किलोमीटरच काय, पृथ्वीच्या दोन टोकांवरून पाहिले तरी तो तारा तसूभरही हललेला दिसत नाही. मग ज्योतिर्विदांनी मोठी पट्टी घेतली. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणून आज आपण जेथे आहोत त्यापासून सहा महिन्यांनी सुमारे ३० कोटी किलोमीटर दूर असू. या दोन टोकांवरून जवळचा तारा पाहिला, तर तो अगदी थोडा सरकतो. १८३८ साली फ्रीड्रिख बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचे हे सरकणे मोजले. त्याचा पराशय भरला सुमारे ०.३१ विकला. हा कोन किती लहान म्हणाल? शिरूरमध्ये कोणी अडीच सेंटिमीटर व्यासाचे नाणे धरून उभे राहिले आणि तुम्ही ते रांजणगावच्या महागणपतीच्या देवळापासून, म्हणजे सरळ रेषेत सोळा किलोमीटरांवरून पाहिलेत, तर ते नाणे तुमच्या डोळ्यांशी जेवढा कोन करील तेवढा! तो तारा ११ प्रकाशवर्षांहून थोडा अधिक दूर आहे, आणि आपल्या अगदी शेजारच्या ताऱ्यांत त्याची गणना होते.

जमिनीवरून छायाचित्रे घेऊन ही रीत शे-दीडशे प्रकाशवर्षांच्या फार पुढे भरवशाची राहत नसे. युरोपीय अवकाश संस्थेच्या गाया या वेधशाळेने २०१४ ते २०२५ या काळात अवकाशातून वेध घेतले आणि ही मर्यादा हजारो प्रकाशवर्षांपर्यंत रेटली. तरीसुद्धा दुसऱ्या दीर्घिकांपर्यंत पोचायला ही पट्टी अपुरीच आहे. मग देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे, असे तुमच्या पुस्तकात छापलेले असते ते कोणी आणि कशाने मोजले?

इंजिनाचा दिवा

रात्री दौंडच्या फलाटावर उभे राहिलात आणि लांबून येणाऱ्या इंजिनाचा दिवा दिसला, तर गाडी किती लांब आहे याचा अंदाज स्टेशनात काम करणाऱ्या माणसाला चटकन येतो. त्याने कोणताही कोन मोजलेला नसतो. इंजिनाचा दिवा खरोखर किती प्रखर असतो हे त्याला अनुभवाने ठाऊक असते, आणि आत्ता तो किती मंद दिसतो हे समोर असते. या दोन गोष्टींवरून अंतर निघते. पण त्याच फलाटावरून दिसणारा अनोळखी उजेड कंदिलाचा आहे की मोठ्या झोताचा हे माहीत नसेल, तर अंदाज साफ चुकेल.

याचा नियम सोपा आहे. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो. अंतर दहापट झाले की शंभरावा हिस्सा उरतो. म्हणून १०० मीटरांवरचा १० वॉटचा दिवा आणि एक किलोमीटरवरचा तशाच जातीचा १,००० वॉटचा दिवा सारखेच तेजस्वी दिसतात. आकाशातली सारी अडचण हीच आहे. एखादा तारा मंद दिसतो तो मुळातच मंद आहे म्हणून, की प्रखर असून दूर आहे म्हणून? ताऱ्यावर वॉटचा आकडा छापलेला नसतो. मात्र काही तारे असे निघाले की ते स्वतःच हा आकडा सांगतात. तो वाचायची युक्ती सापडायला १९१२ साल उजाडावे लागले.

यॉर्कचे दोन मित्र

या ताऱ्यांची ओळख मात्र त्याआधी सव्वाशे वर्षांपूर्वीच झाली होती. इंग्लंडमधल्या यॉर्क गावी एडवर्ड पिगॉट आणि जॉन गुडरिक हे दोन शेजारी रात्र-रात्र आकाश पाहत असत. गुडरिकला लहानपणीच्या आजारामुळे ऐकू येत नव्हते. १७८४ सालच्या सप्टेंबरात पिगॉटला आढळले की गरुड तारकासमूहातील ईटा नावाचा तारा आपले तेज बदलतो. पुढच्याच महिन्यात गुडरिकला वृषपर्वा तारकासमूहातील डेल्टा हा तारा तसाच वागताना दिसला. तेव्हा गुडरिकचे वय होते वीस वर्षे. दीड वर्षानंतर, एकविसाव्या वर्षीच, तो वारला.

वृषपर्व्याचे पाश्चात्त्य नाव सेफियस, म्हणून या जातीच्या ताऱ्यांना सेफीड हे नाव पडले. खरे तर मान पिगॉटच्या ताऱ्याचा होता. एका महिन्याच्या फरकाने गरुडाचे नाव हुकले! असो.

ज्यांचे तेज बदलते त्या ताऱ्यांना आपण रूपविकारी तारे म्हणतो. काही रूपविकारी तारे केवळ जोडीदाराच्या आड जातात म्हणून मंद दिसतात. ते एक प्रकारचे ग्रहणच होय. सेफीडांचे तसे नाही. ते खरोखर फुगतात आणि आक्रसतात, म्हणून त्यांना स्पंदनशील म्हणायचे. डेल्टाचा एक फेरा ५.३७ दिवसांत पुरा होतो, ईटाचा ७.१८ दिवसांत. तेज झपाट्याने चढते, सावकाश उतरते, पुन्हा चढते, आणि वर्षानुवर्षे हा ताल जवळजवळ जराही चुकत नाही.

तारा असा का धडधडतो? स्वयंपाकघरातला कुकर आठवा. वाफ कोंडते, दाब वाढतो, शिट्टी वर उचलली जाते. वाफ निसटली की शिट्टी पुन्हा बसते. सेफीड ताऱ्याच्या पृष्ठभागाखाली हेलियमचा एक थर असतो, तो या शिट्टीचे काम करतो. तारा आक्रसला की हा थर दाबला जाऊन तापतो आणि हेलियमच्या अणूंचे दोन्ही इलेक्ट्रॉन सुटे होऊ लागतात. असा थर आतून येणारा प्रकाश सहजी पलीकडे जाऊ देत नाही. उष्णता कोंडते आणि वरचे थर बाहेर ढकलले जातात. तारा फुगला की तो थर निवतो, इलेक्ट्रॉन पुन्हा अणूंना चिकटतात, थर पारदर्शक होतो, कोंडलेली उष्णता बाहेर पडते आणि वरचे थर आपल्याच वजनाने परत खाली येतात. हे झाले की पुन्हा पहिल्यापासून. या फेऱ्यात पृष्ठभागाचे तापमान हजारभर अंशांनी वरखाली होते, आणि तेजातला मोठा फरक पडतो तो मुख्यतः त्यामुळे.

आता महत्त्वाचा मुद्दा. पायातले घुंगरू चटकन किणकिणते, तर देवळातली मोठी घंटा संथ, खोल घुमते. ताऱ्यांचेही तसेच आहे. मोठा, विरळ तारा सावकाश स्पंदन पावतो, लहान व घट्ट तारा लवकर. आणि मोठा तारा अधिक प्रकाशही देतो. तेव्हा ज्याचा ताल संथ, त्याचे खरे तेज जास्त. आज हे वाचताना सोपे वाटते, पण हे कारण कळण्याच्या कितीतरी आधी हा नियम एका स्त्रीने नुसत्या काचांवरून शोधून काढला होता.

काचांवरचे ठिपके

हेन्रिएटा स्वॉन लेव्हिट ही अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत काम करीत असे. तिलाही नीट ऐकू येत नव्हते. त्या काळी स्त्रियांना दुर्बिणीला हात लावू देत नसत. छायाचित्रांच्या काचा तपासून ताऱ्यांच्या ठिपक्यांचे तेज टिपायचे, हे त्यांचे काम, आणि तिची मजुरी होती तासाला तीस सेंट. तिच्या टेबलावर दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातून काचा येत. त्यांत मॅगेलनचे दोन मेघ टिपलेले होते. हे मेघ दक्षिणेकडच्या आकाशात इतके खाली आहेत की त्यांपैकी लहान मेघ शिरूर-दौंडहून क्षितिजाच्या वर कधी येतच नाही. १९०८ पर्यंत तिने या मेघांत १,७७७ रूपविकारी तारे शोधले होते!

त्यांपैकी लहान मेघातले २५ तारे तिने निवडले. त्यांचे आवर्तकाल सव्वा दिवसापासून १२७ दिवसांपर्यंत होते. १९१२ साली तिने आलेख काढून दाखवला की जितका आवर्तकाल मोठा तितका तारा तेजस्वी. तुम्ही विचाराल, पण तेजस्वी दिसणारा तारा जवळचा असू शकेल की! येथेच तिच्या निवडीची खुबी आहे. दूरच्या टेकडीवरून तुम्ही दौंड जंक्शनचे दिवे पाहत आहात असे समजा. त्यातला एक दिवा फलाटाच्या या टोकाला असेल, दुसरा त्या टोकाला. पण तुमच्यापासून सगळे जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. म्हणून त्यांत जो जास्त झळाळतो तो खरोखरच मोठा दिवा. मॅगेलनचा लहान मेघ म्हणजे असेच एक दूरचे गाव होते.

याच १९१२ सालाचा पुण्याशीही एक संबंध आहे, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे जे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले तेथे, भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून १८८८ साली एक वेधशाळा उभी राहिली होती. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी ती उभारली व चालवली. तिच्यातली २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी भारतातली सर्वांत मोठी होती. नायगमवाला निवृत्त झाले आणि १९१२ मध्ये वेधशाळा बंद होऊन तिची उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. ज्या वर्षी विश्वाचा गज हाती आला, त्याच वर्षी पुण्यातली मोठी दुर्बीण पेट्यांत बांधली जात होती. पुणे जिल्ह्यात पुन्हा मोठी प्रकाशीय दुर्बीण आली ती २००६ साली. शिरूरजवळून वाहणारी घोडनदी ज्या डोंगराळ बाजूने येते, त्याच बाजूला गिरवलीच्या डोंगरावर आयुका या संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे.

लेव्हिटच्या नियमात एक उणीव राहिली होती. कोणता तारा कोणाहून किती पट तेजस्वी हे कळले, पण एकाचे तरी खरे तेज कळल्याशिवाय अंतर निघत नाही. दिव्यांचे प्रमाण कळले. वॉट कळायचे होते. १९१३ साली एजनार हर्टझ्स्प्रुंग या डॅनिश शास्त्रज्ञाने आपल्या जवळच्या सेफीडांच्या आकाशातील हालचालींवरून तो पहिला अंदाज काढला, आणि गज वापरण्याजोगा झाला.

देवयानीतला ठिपका

तेव्हा ज्योतिर्विदांत मोठा वाद चालू होता. आपली आकाशगंगा म्हणजेच सारे विश्व, की आकाशगंगेबाहेरही तिच्यासारख्या दीर्घिका आहेत? देवयानीतला तो धूसर पट्टा आपल्यातलाच वायूचा ढग आहे, की ताऱ्यांचे वेगळे जग? शरद ऋतूत चंद्र नसताना हा पट्टा नुसत्या डोळ्यांनीही दिसतो, आणि नुसते पाहून कोणालाही याचे उत्तर देता येणार नाही.

५ ऑक्टोबर १९२३ च्या रात्री एडविन हबलने कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून देवयानीचे छायाचित्र घेतले. त्यावर त्याला तीन नवे ठिपके दिसले. एकाएकी उजळणारे नवतारे समजून त्याने तिन्हींवर खूण केली. जुन्या काचांशी ताडून पाहिल्यावर त्यांतला एक तारा पुन्हा पुन्हा वरखाली होताना आढळला. हबलने नवताऱ्याची खूण खोडली आणि तेथे ‘रूपविकारी’ अशा अर्थाची अक्षरे लिहून पुढे उद्गारचिन्ह ठोकले. तो सेफीड होता. आवर्तकाल होता ३१.४ दिवस, म्हणजे खरे तेज सूर्याच्या हजारो पट, आणि दिसत मात्र होता अत्यंत मंद. हबलचे गणित आले सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे. आकाशगंगेचा त्या वेळचा मोठ्यात मोठा अंदाज तीन लाख प्रकाशवर्षांचा होता. १ जानेवारी १९२५ रोजी हा शोध अमेरिकेतील ज्योतिर्विदांच्या सभेत वाचला गेला आणि वाद मिटला. एका ठिपक्याने विश्वाच्या भिंती पाडल्या. लेव्हिटला हे पाहायला मिळाले नाही. १९२१ च्या डिसेंबरात ती वारली होती. १९२५ मध्ये एका स्वीडिश गणितज्ञाने नोबेल पारितोषिकासाठी तिचे नाव सुचवावे म्हणून तिला पत्र लिहिले, तेव्हा ती हयात नाही हेही त्याला ठाऊक नव्हते.

पण नऊ लाख आणि पुस्तकातले २५ लाख, यांत एवढा फरक कसा? गज खोटा होता म्हणून. ही गोष्ट मला शोधाइतकीच महत्त्वाची वाटते. हबलच्या अंतरांवरून दीर्घिका किती वेगाने दूर जात आहेत हे मोजले, तेव्हा विश्वाचे वय सुमारे २०० कोटी वर्षे निघाले. इकडे भूशास्त्रज्ञ म्हणत होते की पृथ्वीवरचे खडकच त्याहून जुने आहेत. म्हणजे आईपेक्षा मूल वयाने मोठे! दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिस शहराचे दिवे मालवलेले असताना वॉल्टर बाडे याने माउंट विल्सनच्या काळोख्या आकाशाचा फायदा घेऊन देवयानीतील ताऱ्यांच्या दोन पिढ्या वेगळ्या ओळखल्या. पुढे १९५२ साली रोम येथे त्याने जाहीर केले की सेफीडांच्याही दोन जाती आहेत. आवर्तकाल सारखा असला तरी तरुण पिढीतले सेफीड जुन्या पिढीतल्यांच्या कितीतरी पट तेजस्वी असतात. दोन जातींचे दिवे एकाच वॉटचे समजले गेले होते. ही दुरुस्ती करताच दीर्घिकांची अंतरे दुपटीने वाढली आणि विश्वाचे वयही. पुढच्या दुरुस्त्यांनी देवयानी २५ लाख प्रकाशवर्षांवर जाऊन स्थिरावली.

वाद मात्र आजही संपलेला नाही. सेफीडांच्या व स्फोट पावणाऱ्या अतिनवताऱ्यांच्या शिडीने विश्वाच्या प्रसरणाचा दर मोजला तर तो दर दहा लाख पारसेकांमागे सेकंदाला सुमारे ७३ किलोमीटर येतो. विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या प्रारणावरून काढला तर सुमारे ६७. हा फरक लहान दिसतो, पण दोन्हीकडच्या चुकांच्या मर्यादेत तो बसत नाही. जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ पासून सेफीड पुन्हा तपासले, तेव्हा जुन्या मोजणीत ढोबळ चूक सापडली नाही. पुण्याच्या आयुकामध्येही स्पंदनशील ताऱ्यांचा हा गज अधिक काटेकोर करण्यावर संशोधन चालते. गज चुकला की विश्वाबद्दलची आपली समजूत अपुरी, हे अजून ठरायचे आहे.

तुमचा स्वतःचा सेफीड

आता तुमच्या कामाकडे वळू. पिगॉटचा ईटा तारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो, आणि तो पाहायला शिरूर-दौंडचा भाग चांगला आहे. सह्याद्रीपासून दूर, पर्जन्यछायेतला मुलूख असल्याने येथे पश्चिमेकडच्या मावळापेक्षा निरभ्र रात्री जास्त मिळतात. अडचण दिव्यांची आहे. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींचा उजेड आकाशात चढतो. म्हणून त्यांच्याकडे पाठ करता येईल असे गावाबाहेरचे शेत पाहा. सोबत घरातले मोठे माणूस असू द्या.

ऑक्टोबरच्या मध्यावर संध्याकाळी सातच्या सुमारास श्रवण नक्षत्राचा ठळक तारा जवळजवळ डोक्यावर असतो. त्याच्या दोन बाजूंना दोन तारे आहेत, तिन्ही मिळून एक आडवीतिडवी काठी दिसते. मुख्य ताऱ्यापासून दक्षिणेकडे हात लांब करून मूठ धरा. मुठीच्या रुंदीहून थोड्या कमी अंतरावर, म्हणजे आठ अंशांवर, ईटा सापडेल. खात्री करायची असेल तर गरुडातल्या डेल्टा आणि थीटा या ताऱ्यांना जोडणारी रेषा मनात काढा. ईटा याच रेषेवर, किंचित थीटाच्या बाजूला आहे.

त्याचे तेज ठरवायचे ते शेजाऱ्यांशी तुलना करून. ताऱ्यांच्या तेजाला प्रत म्हणतात आणि आकडा जितका मोठा तितका तारा मंद, हे लक्षात असू द्या. डेल्टाची प्रत ३.४, श्रवणाच्या काठीतल्या दक्षिणेकडच्या बीटाची ३.७ आणि ईटाच्या नैर्ऋत्येला असलेल्या आयोटाची ४.४. ईटा सर्वांत तेजस्वी असतो तेव्हा ३.५ प्रतीचा, म्हणजे जवळजवळ डेल्टाच्या तोडीचा असतो. सर्वांत मंद असतो तेव्हा आयोटाच्या बरोबरीला येतो. रोज एकाच वेळी पाहा, तारीख, वेळ व अंदाजे प्रत लिहा, आणि महिनाभराने आलेख काढा. अंधारात दहा-पंधरा मिनिटे डोळे सरावल्याशिवाय नोंद करू नका, आणि कालचा आकडा पाहून आजचा आकडा लिहू नका! शिरूरच्या आणि दौंडच्या शाळांनी वेगवेगळ्या नोंदी ठेवून शेवटीच ताडून पाहिल्या तर फारच उत्तम. एकीकडे ढग आले तर दुसरीकडची नोंद कामी येईल.

अशा नोंदींना किंमत असते बरे का. जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणारे राधागोविंद चंद्र यांनी बंगालमधल्या आपल्या खेड्यातून रूपविकारी ताऱ्यांच्या ३७ हजारांवर नोंदी करून अमेरिकेतील निरीक्षकांच्या संघटनेला पाठवल्या. त्या संघटनेने त्यांना १९२६ साली सहा इंची दुर्बीण पाठवून दिली. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती.

आलेखावरून तुम्हांला आवर्तकाल ७.२ दिवसांच्या आसपास मिळाला आणि सरासरी प्रत ३.९ आली असे समजू. आजच्या मोजमापांनुसार ३ दिवसांचा सेफीड सूर्याच्या सुमारे ११०० पट आणि ३० दिवसांचा सुमारे १० हजार पट प्रकाश देतो. सव्वासात दिवसांच्या आतबाहेरचा सुमारे २६०० पट. आपला सूर्य जर २१ प्रकाशवर्षांवर नेऊन ठेवला तर तोही ३.९ प्रतीचा दिसेल. पण ईटा सूर्याच्या २६०० पट तेजस्वी असूनही तेवढाच दिसतो. म्हणजे तो २६०० च्या वर्गमुळाइतका पट अधिक दूर हवा. वर्गमूळ सुमारे ५१. एकवीस गुणिले एक्कावन्न म्हणजे १०७१ प्रकाशवर्षे.

हे उत्तर शिक्षकांना दाखवण्यापूर्वी थांबा. शेतात उसाची पाचट पेटवली की धुरापलीकडचा दिवा मंद दिसतो, आणि आहे त्यापेक्षा लांब वाटतो. ताऱ्यांच्या मधल्या जागेतही धूळ आहे. ईटाकडून येणारा प्रकाश या धुळीतून येताना सुमारे दोन-तृतीयांशच उरतो. धूळ नसती तर तारा दीडपट तेजस्वी दिसला असता. म्हणून दीडच्या वर्गमुळाने, सुमारे १.२२ ने, १०७१ ला भागा. उत्तर येते पावणेनऊशे ते नऊशे प्रकाशवर्षे, आणि इतर रीतींनी काढलेले ईटाचे अंतरही याच्या जवळपासच आहे. धूळ किती हे कळायला ताऱ्याचा रंग मोजावा लागतो, कारण धूळ निळा प्रकाश जास्त अडवते व तारा तांबूस दिसू लागतो. ते काम नुसत्या डोळ्यांनी होत नाही.

नोव्हेंबर सरता सरता गरुड लवकर मावळू लागेल. तेव्हा पुढचा तारा म्हणून मिथुन राशीतला झीटा घ्या. त्याचा आवर्तकाल १०.१५ दिवस असून प्रत ३.६ ते ४.२ यांमध्ये बदलते. वृषपर्व्यातला गुडरिकचा डेल्टा आपल्याकडून उत्तरेला अर्ध्या आकाशापर्यंत वर येतो, तोही जरूर शोधा. आणि उत्तरेकडे तोंड केलेच आहे तर जरा खाली, क्षितिजापासून दोन मुठींपेक्षा थोडे कमी उंचीवर असलेल्या ध्रुवताऱ्याकडेही पाहून घ्या. ज्याला आपण अढळ म्हणतो तो ध्रुवही सेफीडच आहे. चार दिवसांच्या तालाने तो फुगतो-आक्रसतो, पण इतका थोडा की डोळ्यांना त्याचा पत्ता लागत नाही.